वजनकाटा, सीची लायब्ररी आणि पायथॉन: पॉइंटर-बफर हाताळायला शिकताना

बेळगावात खानापूर रोडवरच्या एका खासगी वजनकाट्याचं पावतीचं सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात पडलं तेव्हा मला वाटलं होतं, दोन दिवसांचं काम. काट्याचा इंडिकेटर, म्हणजे वजन दाखवणारा डबा, संगणकाला जोडलेला. त्याच्याशी बोलायला इंडिकेटरवाल्यांनी सीमध्ये लिहिलेली लायब्ररी दिलेली. वरची पावती, हिशेब, छपाई मी पायथॉनमध्ये करणार. लायब्ररीबरोबर कागदपत्र म्हणून एक हेडर फाइल, म्हणजे फंक्शनांच्या घोषणांची यादी, बस्स. ऊसगाड्यांची रांग लागलेली असताना माझा प्रोग्राम काही न बोलता मेला. एरर नाही, ओळ नंबर नाही, खिडकीच गायब. काट्यावरचे मॅनेजर शांतपणे म्हणाले, "अण्णा, स्वल्प नोड्री", म्हणजे जरा बघा. तेव्हापासून जे शिकलो ते इथं क्रमानं लिहितो. पायथॉन येतं पण सीशी फक्त कॉलेजपुरती ओळख होती, अशांसाठी हे आहे.

फंक्शनांची आणि मॉड्यूलांची नावं मी देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी स्पेलिंगनं करायची. काट्याच्या लायब्ररीतली फंक्शनं मात्र मी माझ्या सोयीनं मराठीत बारसं करून घेतली आहेत.

आधी हेडर वाचा, पेन घेऊन

संगणक उघडण्याआधी हेडर फाइल छापून घ्या. माझ्याकडच्या हेडरचं सार असं होतं:

काटा *उघडा(कॉन्स्ट चार *पोर्ट);
इंट वाचा(काटा *क, अनसाइन्ड चार *बफ, साइझ_टी कमाल);
चार *पावती(काटा *क);
व्हॉइड पावती_सोडा(चार *प);
व्हॉइड बंद(काटा *क);

जिथं जिथं चांदणी दिसते तिथं पॉइंटर आहे, म्हणजे मेमरीतला एक पत्ता. आता प्रत्येक चांदणीशेजारी पेनानं दोन गोष्टी लिहायच्या. या पत्त्यावर किती बाइट आहेत? आणि ती जागा कुणाची, म्हणजे घेतली कुणी आणि सोडायची कुणी? सीमध्ये पॉइंटरला स्वतःची लांबी माहीत नसते. पायथॉनची यादी 'माझ्यात किती' ते सांगते, पॉइंटर सांगत नाही. मालकाचं नावही त्यावर लिहिलेलं नसतं. या दोन प्रश्नांची उत्तरं हेडरच्या टिपणात सापडतात, नाहीतर लायब्ररीवाल्यांना फोन करावा लागतो. अंदाजानं लिहिलंत तर मग रात्री काट्यावर बसावं लागतं.

लायब्ररी उघडणे

पायथॉनमध्ये सीटाइप्स नावाचं मॉड्यूल २००६ पासून, म्हणजे २.५ आवृत्तीपासून सोबतच येतं. वेगळं काही बसवावं लागत नाही. त्यातल्या सीडीएलएलला फाइलचा पूर्ण रस्ता दिला की लायब्ररी उघडते.

विंडोजवर इथंच पहिली ठेच लागते. 'विनएरर १९३' आणि 'हे वैध विन३२ ॲप्लिकेशन नाही' अशा अर्थाचा संदेश आला तर फाइल खराब आहे असं समजू नका. बहुतेक वेळा लायब्ररी ३२ बिटची असते आणि तुमचं पायथॉन ६४ बिटचं. एकाच प्रोसेसमध्ये हे दोघं नांदत नाहीत. काट्यांच्या, जुन्या मशीनींच्या लायब्ररी अजूनही सर्रास ३२ बिटच्या सापडतात. अशा वेळी ३२ बिटचं पायथॉन बसवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. आणि ३२ बिटच्या विंडोज लायब्ररीच्या हेडरमध्ये 'एसटीडीकॉल' (फंक्शन बोलावण्याची एक वेगळी रीत) असा शब्द दिसला तर सीडीएलएलऐवजी विनडीएलएल वापरायचं.

प्रकार सांगितल्याशिवाय एकही कॉल नको

माझा प्रोग्राम मेला तो या पायरीमुळे. सीटाइप्सला तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर प्रत्येक सी फंक्शन 'इंट' परत करतं असं ते धरून चालतं. तक्रार नाही, इशारा नाही. आपल्याकडं बसमध्ये तिघांच्या सीटवर चौथा बसवताना म्हणतात तसं, 'स्वल्प ॲडजस्ट माड्रि', थोडं ॲडजस्ट करा.

इंट असतो ३२ बिटचा. ६४ बिटच्या प्रोसेसमध्ये पत्ता असतो ६४ बिटचा. म्हणजे 'उघडा'नं दिलेल्या पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला गेला आणि खालचाच अर्धा माझ्या हातात आला. टिळकवाडीचा पिन कोड ५९०००६, आणि पाकिटावर नुसतं ००६ लिहिलं, असा प्रकार. तो अर्धवट पत्ता मी 'वाचा'ला दिला, ते कुठल्या तरी भलत्याच जागी गेलं आणि ऑपरेटिंग सिस्टिमनं प्रोग्राम ठार केला. गंमत म्हणजे पत्ता योगायोगानं लहान असेल तर हे चालूनही जातं. माझ्या घरच्या संगणकावर चालत होतंच की!

म्हणून लायब्ररी उघडल्या उघडल्या, दुसरं काहीही करण्याआधी, प्रत्येक फंक्शनच्या दोन गोष्टी भरून टाका: आर्गटाइप्स, म्हणजे आत जाणाऱ्यांचे प्रकार, आणि रेसटाइप, म्हणजे बाहेर येणाऱ्याचा प्रकार. काहीच परत येत नसेल तर रेसटाइपला 'नन' द्यायचं. 'काटा *' सारख्या, आत काय आहे हे आपल्याला बघायचंच नाही अशा पत्त्यासाठी सी_व्हॉइड_पी पुरतो. मी त्यापेक्षा थोडा पुढं जातो. 'काटा' नावाचा रिकामा स्ट्रक्चर क्लास करतो आणि त्याचा पॉइंटर प्रकार वापरतो. मग चुकून पावतीचा पत्ता काट्याच्या जागी दिला, तर पायथॉन तिथल्या तिथं ओरडतं.

साइझ_टी, म्हणजे सीमध्ये माप सांगायचा पूर्णांक, त्यासाठी सी_साइझ_टीच वापरा. लाँगपासून सांभाळून राहा: ६४ बिट लिनक्सवर तो ८ बाइटचा असतो, ६४ बिट विंडोजवर ४. सी_लाँग हा प्रकार ज्या संगणकावर चालतो त्याप्रमाणे बदलतो, त्यामुळे हेडरमध्ये लाँग असेल तर सी_लाँगच लिहा, स्वतः हिशेब करू नका.

पोर्टचं, म्हणजे इंडिकेटर जिथं जोडलाय त्या जागेचं, नाव पाठवतानाही हाच धडा. आर्गटाइप्स न भरता 'कॉम३' अशी साधी पायथॉन स्ट्रिंग दिली, तर सीटाइप्स ती रुंद अक्षरांची म्हणून पाठवतं. रुंद अक्षरात 'सी'नंतर लगेच शून्य बाइट येतो, आणि सीच्या दृष्टीनं शून्य बाइट म्हणजे स्ट्रिंग संपली. लायब्ररीला कॉम३ऐवजी नुसतं 'सी' हे एकच अक्षर पोचतं आणि 'पोर्ट सापडत नाही' म्हणून ती परत पाठवते. आर्गटाइप्समध्ये सी_चार_पी लिहिलंत की स्ट्रिंग घ्यायलाच नकार मिळतो. मग एन्कोड करून बाइट्स पाठवायचे.

किटली कुणाची?

बफर म्हणजे ठरावीक मापाची मोकळी जागा. ती कुणी आणायची याच्या तीन रीती आहेत, आणि तिन्ही आपण दुधात रोज बघतो.

पहिली: किटली आपण न्यायची, गवळ्यानं ओतायचं. 'वाचा' हे फंक्शन असंच. जागा आपण देतो आणि 'कमाल'मध्ये किटलीचं माप सांगतो. क्रिएट-स्ट्रिंग-बफरला ६४ सांगितलं की ६४ बाइटची, शून्यांनी भरलेली, बदलता येणारी जागा मिळते. तीच पाठवायची, आणि माप हातानं न लिहिता साइझऑफनं, म्हणजे किती बाइट ते सांगणाऱ्या फंक्शननं, काढायचं. अर्ध्या लिटरच्या किटलीला एक लिटर सांगितलं तर दूध जमिनीवर सांडतं. सीमध्ये ते शेजारच्याच्या भांड्यात सांडतं, म्हणून ते वाईट.

इथं एक मोह होतो. बफर करण्याऐवजी शंभर शून्यं असलेला साधा बाइट्स ऑब्जेक्ट पाठवायचा. सी_चार_पी तो खुशाल घेतो आणि कोड चालतोसुद्धा. पण पायथॉनमध्ये बाइट्स बदलत नाहीत असा करार आहे आणि त्या विश्वासावर पायथॉन एकच ऑब्जेक्ट अनेक ठिकाणी वापरतं. सीनं त्यात लिहिलं की तो करार मोडला, आणि परिणाम भलत्याच ओळीत दिसतो. सी लिहिणार असेल तर बफर, सी फक्त वाचणार असेल तर बाइट्स.

दुसरी रीत: गवळी आपल्या भांड्यातून देतो आणि भांडं परत करायचं असतं. 'पावती' हे त्यातलं. जागा लायब्ररी घेते, काम झालं की 'पावती_सोडा' बोलवायचं. इथं रेसटाइप सी_चार_पी ठेवलात तर सीटाइप्स मदत करायला जातं आणि घोटाळा करतं: मजकूर बाइट्समध्ये कॉपी करून देतं आणि मूळ पत्ता टाकून देतं. आता भांडं परत कसं करणार? प्रत्येक पावतीमागं थोडी मेमरी गळत राहते. एका पावतीला काही कळत नाही, चार दिवस न थांबता चालणाऱ्या काट्यावर कळतं. अशा फंक्शनला रेसटाइप सी_व्हॉइड_पी द्यायचा, पत्ता जपून ठेवायचा, 'नन' नाही ना हे बघायचं, स्ट्रिंग-ॲटनं मजकूर कॉपी करून घ्यायचा आणि मग पत्ता 'पावती_सोडा'ला द्यायचा. सोडण्याचं काम फायनलीमध्ये ठेवा, म्हणजे मध्येच एरर आली तरी ते होतं.

सोडायला लायब्ररीचंच फंक्शन वापरायचं. स्वतःच सीचं 'फ्री' बोलावण्याचा शहाणपणा विंडोजवर विशेष महागात पडतो, कारण लायब्ररीचा सी रनटाइम (मेमरी घेणं-सोडणं बघणारा सीचा भाग) वेगळा आणि तुम्ही बोलावलेला वेगळा असू शकतो. एकानं घेतलेली जागा दुसऱ्याला सोडता येत नाही.

तिसरी रीत: गवळी भांडं दाखवतो, प्यायचं तिथंच. काही लायब्ररी आतल्या आत एकच जागा ठेवतात आणि दर वेळी तोच पत्ता देतात. पुढच्या कॉलला आतला मजकूर बदलतो. इथं सोडायचं काही नाही, पण लगेच कॉपी करून घ्यायचं.

दर गाडीमागं २५६ किलो

आता बायनरीकडं. 'वाचा' जे बफरमध्ये भरतं तो मजकूर नसतो. माझ्या इंडिकेटरची चौकट सात बाइटची: पहिला बाइट स्थितीचा, पुढचे चार वजनाचे किलोत, शेवटचे दोन अनुक्रमांकाचे. समजा गाडी भरली २४,५६० किलो, अनुक्रमांक ७. तर बाइट असे येतात:

१, २४०, ९५, ०, ०, ७, ०

९५ गुणिले २५६ अधिक २४० म्हणजे २४,५६०. लहान भाग आधी, मोठा नंतर. याला लिटल-एंडियन म्हणतात आणि आपल्या नेहमीच्या संगणकांची हीच पद्धत.

बफर वाचायला दोन गुण असतात, 'व्हॅल्यू' आणि 'रॉ'. व्हॅल्यू पहिल्या शून्यापाशी थांबतो, कारण तो मजकूर समजून वाचतो. वरच्या सातांपैकी तीनच बाइट हाताला लागतील. बायनरीसाठी रॉ वापरा, आणि तोही सगळा घेऊ नका: 'वाचा' किती बाइट भरले ते परत करतं, तेवढाच तुकडा कापून घ्या. आलेला आकडा उणे असेल तर ती एरर, बफरकडं बघायचंच नाही. आणि सातपेक्षा कमी आले तर चौकट अर्धवट आहे. सिरियल वायरीवर हे रोज घडतं.

आता माझी फजिती. मी ही चौकट सीटाइप्सच्या स्ट्रक्चरमध्ये मांडली: एक बाइट, एक ३२ बिट पूर्णांक, एक १६ बिट पूर्णांक. सरळ दिसतं. पण सीचा कंपायलर, आणि त्याचं अनुकरण करणारं सीटाइप्स, ३२ बिटचा आकडा चारच्या पटीतल्या जागेवर ठेवतो. म्हणून पहिल्या बाइटनंतर तीन बाइट मोकळे सोडले जातात, शेवटी आणखी दोन, आणि स्ट्रक्चर होतं १२ बाइटचं. इंडिकेटर मात्र सातच बाइट सलग पाठवतो. माझ्या प्रोग्रामनं वजन दुसऱ्या बाइटऐवजी पाचव्या बाइटपासून वाचलं: ०, ७, ०, ०. म्हणजे १,७९२ किलो. पुढच्या गाडीचं २,०४८. त्याच्या पुढच्या गाडीचं २,३०४.

ट्रॅक्टर रिकामा आला तरी वजन वाढतंय हे माझ्याआधी ड्रायव्हरनं पाहिलं. दर गाडीमागं बरोबर २५६ किलो वाढ! असा गोल आकडा दिसला की समजायचं, एखादा बाइट एक घर सरकलाय.

उपाय एका ओळीचा: स्ट्रक्चरमध्ये फील्ड्स लिहिण्याआधी 'पॅक' गुणाला १ द्या. मग मोकळी जागा सुटत नाही आणि साइझऑफ ७ सांगतो. फक्त हे डोळे झाकून सगळीकडं करू नका. वायरीवरून आलेल्या चौकटीला पॅक लागतं. सीच्या लायब्ररीनं स्वतःच्या मेमरीत ठेवलेल्या स्ट्रक्चरला बहुतेकदा नाही लागत, कारण तिथं कंपायलरनंही तशीच मोकळी जागा सोडलेली असते. शंका असेल तर सीमध्ये पाच ओळींचा प्रोग्राम लिहून साइझऑफ छापा आणि पायथॉनच्या आकड्याशी जुळवा.

एवढ्या लहान चौकटीला स्ट्रक्ट मॉड्यूल मला जास्त आवडतं. खुणेच्या स्ट्रिंगमध्ये सुरुवातीला 'पेक्षा लहान'चं चिन्ह टाकलं की लिटल-एंडियन, 'पेक्षा मोठं'चं टाकलं की बिग-एंडियन, म्हणजे मोठा भाग आधी, आणि दोन्हींत मोकळी जागा सुटत नाही. चिन्हच टाकलं नाही तर मात्र ते संगणकाच्या सवयीप्रमाणे जागा सोडतं. मॉडबस या कारखान्यांतल्या उपकरणांच्या भाषेत बोलणारी उपकरणं १६ बिटचं रजिस्टर मोठा भाग आधी असं पाठवतात, तिथं बिग लागतं. उलटं वाचलं तर आपल्या त्याच गाडीचं वजन उणे २६ कोटी २२ लाख ९ हजार ५३६ किलो येतं. ही चूक बरी, लहान मुलालाही दिसते. १,७९२ किलो कुणालाच खोटं वाटत नाही.

फ्रॉम-बफर आणि फ्रॉम-बफर-कॉपी यांतला फरक ध्यानात ठेवा. पहिला त्याच जागेवर स्ट्रक्चरचा चष्मा चढवतो, त्यामुळे पुढचं वाचन आलं की तुमच्या हातातलं जुनं वजनही बदलतं. पावती साठवायची असेल तर कॉपी.

बेळगाव १८, बेळगावी २१

पावतीवर गावाचं नाव असतं, आणि आमच्या काट्यावर ते मराठीतही हवं, कन्नडमध्येही. लायब्ररीत त्यासाठी २० बाइटचं घर होतं. ते ठरवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर इंग्रजी अक्षरं असणार, एका अक्षराला एक बाइट.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, कन्नडचंही तेवढंच. मात्रा, वेलांटी, काना यांचीही वेगळी मोजणी. 'बेळगाव' म्हणजे ब, मात्रा, ळ, ग, काना, व: सहा चिन्हं, १८ बाइट, शेवटचा शून्य धरून १९. वीसच्या घरात नीट बसतं. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत नाव बदललं. 'बेळगावी'ची चिन्हं सात, बाइट २१, शून्यासकट २२. घर पुरत नाही. कन्नडमध्ये तर नाव आधीपासून बेळगावीच, तेही २१. खानापूर २१. निपाणी आणि चिकोडी १८, ती बसतात.

लायब्ररी आतून स्ट्रएनकॉपी (ठरावीक बाइटांपर्यंत स्ट्रिंग कॉपी करणारं सीचं फंक्शन) वापरत असेल तर ती वीस बाइट कॉपी करते आणि शेवटी शून्य ठेवायला जागाच उरत नाही. मग वाचणारा पुढच्या घरात घुसतो, आणि गावाच्या नावापुढं कचरा छापला जातो. शिवाय विसावा बाइट शेवटच्या वेलांटीच्या मधोमध येतो, म्हणून पायथॉन डीकोड करायला नकार देतं.

म्हणून मोजमाप नेहमी एन्कोड केल्यानंतर करायचं, अक्षरांत नाही. एन्कोड करा, पहिले १९ बाइट घ्या, 'इग्नोर' सांगून डीकोड करा, म्हणजे तुटलेलं चिन्ह गळून पडतं, आणि पुन्हा एन्कोड करून पाठवा. आमच्या पावतीवर हे केल्यावर 'बेळगावी'ची वेलांटी गळाली आणि छापून आलं 'बेळगाव'. मॅनेजरांनी पावती बघितली, माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "सर, वीस बाइटांचा दोष आहे, माझा नाही." शेवटी लायब्ररीवाल्यांकडून ते घर ६४ बाइटचं करून घेतलं.

पत्ता दिला, घर पाडलं

काही लायब्ररी तुमच्या बफरचा पत्ता लिहून ठेवतात आणि नंतर, सवडीनं, त्यात भरतात. तो बफर तुम्ही फंक्शनच्या आत केला असेल तर फंक्शन संपताच पायथॉन ती जागा मोकळी करतं. सीकडं मात्र जुनाच पत्ता. कॉलबॅकचंही तेच: 'वजन स्थिर झालं की मला हाक मार' म्हणून सीफंकटाइपनं बनवलेलं फंक्शन थेट कॉलमध्येच लिहिलं, तर कॉल संपताच त्याचा मालक कुणी उरत नाही. पहिली हाक कधी लागते, कधी नाही, दहाव्या गाडीला प्रोग्राम कोसळतो. बफर आणि कॉलबॅक दोन्ही काट्याच्या ऑब्जेक्टवर गुण म्हणून बांधून ठेवा आणि 'बंद' बोलावल्यानंतरच सोडा.

हे फक्त पायथॉनचं नाही. रुबीच्या फिडलमध्ये, पीएचपीमध्ये ७.४ पासून आलेल्या एफएफआयमध्ये (दुसऱ्या भाषेतली फंक्शनं बोलावण्याची सोय), लुआजिटच्या एफएफआयमध्ये जागेच्या मालकीचे हेच प्रश्न आहेत. लुआजिट आणि पायथॉनसाठीचं सीएफएफआय यांत एक सुख असं की हेडरमधली घोषणा जशीच्या तशी चिकटवता येते, प्रकार हातानं पुन्हा लिहावे लागत नाहीत. पंधरा-वीस फंक्शनांची लायब्ररी असेल तर मी आता सीएफएफआयच घेतो.

कोसळलंच तर

पायथॉन 'एक्स फॉल्टहँडलर' पर्याय देऊन चालवा. सी आत मेलं तरी पायथॉनच्या कोणत्या ओळीवरून आत गेला होता ते छापून येतं. मात्र जागा सांडण्याची चूक एका ओळीवर होते आणि प्रोग्राम शंभर ओळींनंतर पडतो, त्यामुळे ती ओळ नेहमी दोषी असेलच असं नाही.

सांडतंय का हे पकडायला माझी गावठी युक्ती: बफर हवा त्यापेक्षा १६ बाइट मोठा घ्यायचा, त्या जास्तीच्या सोळांत १७० हा आकडा भरायचा आणि 'कमाल' मात्र मूळचीच सांगायची. प्रत्येक कॉलनंतर ते सोळा तपासायचे. एकही बदलला असेल तर लायब्ररी मापाबाहेर लिहिते आहे. हे छापून, दाखवून लायब्ररीवाल्यांशी बोला, मग फोनवर वाद होत नाही. लायब्ररीचा सोर्स हातात असेल तर जीसीसीचा ॲड्रेस सॅनिटायझर किंवा लिनक्सवर वॅलग्रिंड हेच काम जास्त नेमकं करतात.

आणि पहिली चाचणी काट्यावर करू नका. 'वाचा'सारखं एक खोटं फंक्शन सीमध्ये लिहा जे दर वेळी तेच सात बाइट भरतं: १, २४०, ९५, ०, ०, ७, ०. जीसीसीला 'शेअर्ड' आणि 'एफपिक' सांगून त्याची लायब्ररी करा, घरी बसून पायथॉनमधून बोलवा. २४,५६० आणि ७ दिसले की मग खानापूर रोडला निघा.